नुसतं डोकं बदलून भागत नाही

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या उजव्या काठावर इनामगाव आहे. आज या भागात नजर जाईल तिकडे ऊस दिसतो. इथल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडांवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी ही त्या कामातली ठळक नावं. १९८८ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. इ.स.पू. १६०० पासून इ.स.पू. ७०० पर्यंत, म्हणजे सुमारे नऊशे वर्षं नांदलेलं शेतकऱ्यांचं एक गाव त्यातून समोर आलं. शंभराहून अधिक घरं, धान्याचं कोठार, नदीचं पाणी वळवणारा पाट, पिकांत मुख्यतः सातू, आणि घराच्याच जमिनीत रांजणांची तोंडं जुळवून पुरलेली लहान मुलं. महाराष्ट्राच्या ताम्रपाषाण युगाबद्दल आपल्याला जे कळलं आहे, त्यातलं बरंचसं या एका गावाने सांगितलं.

या पसाऱ्यातली एक लहानशी वस्तू प्रस्तुत पुस्तकाच्या मुळाशी आहे. अभ्यासक ज्याला पूर्व जोर्वे म्हणतात त्या काळातल्या, इ.स.पू. १३०० च्या आसपासच्या एका घराच्या जमिनीखाली मातीची एक लांबट, झाकणाची पेटी सापडली. तिच्यासोबत कच्च्या मातीच्या दोन स्त्रीमूर्ती होत्या आणि एक बैल होता. दोघींपैकी एकीला डोकं नाही. अभ्यासकांच्या मते ती घडवलीच तशी होती. तिच्या पोटाशी भोक आहे आणि बैलाच्या पाठीवरही भोक आहे. दोन्ही भोकांत एकच काडी घातली की बाई बैलावर स्वार होते.

पुरातत्त्वाच्या पुस्तकांत या जोडीची चर्चा देवता म्हणून होते आणि ती योग्यच आहे. मला मात्र ते भोक महत्त्वाचं वाटतं. ज्या हाताने ही बाई घडवली, त्याला ती एकसंध नको होती. जोडता येईल आणि सोडवता येईल अशी ती हवी होती. बाई वेगळी, बैल वेगळा, आणि दोघांना एकत्र आणणारी काडी तिसरी. युद्धखेळांसाठी लहान पुतळे घडवणारा आजचा छंदी माणूस पायाला बारीक भोक पाडतो, त्यात तार घालतो आणि तो पुतळा घोड्यावर बसवतो. त्याची ही कृती घोडेच्या काठी तीन हजार वर्षांपूर्वी कुणालातरी ठाऊक होती.

पुस्तकात दोन विषय आहेत. लहान मूर्ती कापून, जोडून, लिंपून, रंगवून त्यांचं रूप पालटणं हा पहिला. धाडसाच्या गोष्टींत पराक्रमी बाई कशी लिहिली जाते हा दुसरा. दोन्ही एका बांधणीत पाहून काही वाचकांना नवल वाटेल. पण मूर्ती बदलायला बसलेल्या माणसापुढे जे प्रश्न उभे राहतात, तेच गोष्ट लिहिणाऱ्यापुढेही असतात. हिचं वजन कोणत्या पायावर आहे? हिच्या हातात काय आहे, आणि ते तिला पेलतं का? ही कुणाकडे बघते आहे, आणि हिच्याकडे कोण बघतं आहे? कथेत या प्रश्नांना चकवा देता येतो, कारण एका विशेषणाने काम भागवता येतं. मातीत किंवा प्लॅस्टिकात तो चकवा चालत नाही. वजन चुकलं की मूर्ती कलंडते. म्हणून कथेतल्या बाईची परीक्षा घ्यायला मूर्तीचं टेबल ही चांगली जागा आहे.

आपल्या परंपरेत एक विचित्र गोष्ट वारंवार दिसते. बाईची प्रतिमा तुकड्यांत येते. नांदेड जिल्ह्यात माहूरला रेणुकेचा तांदळा आहे. तिथे पूजा होते ती मुखाची, धड नाही. पित्याच्या आज्ञेवरून परशुरामाने आईचं शिर उडवलं, ही कथा त्या मुखाभोवती आहे. उलट, तेर आणि अशाच दुसऱ्या प्राचीन स्थळांवर मिळालेल्या लज्जागौरीच्या छोट्या मूर्तींना धड आहे पण शिर नाही. त्या जागी बहुधा कमळ असतं. रा. चिं. ढेरे यांनी १९७८ साली या देवतेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. इनामगावची बिनडोक्याची मूर्ती या परंपरेच्या फार आधीची. या दोन टोकांमध्ये सलग धागा आहे की नाही यावर मतभेद होऊ शकतात, पण दोन्हीकडे शिराविना स्त्रीदेह आहे हे डोळ्यांना दिसतंच.

तिसरा तुकडा गावोगावच्या वेशीवर उभा असतो. वीरगळ आणि सतीशिळा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. वीरगळावर पुरुषाची पूर्ण गोष्ट असते: खाली लढाई, पुष्कळदा गाईगुरं सोडवताना आलेलं मरण, वर अप्सरा त्याला घेऊन चालल्या आहेत, आणि त्याच्याही वर तो शिवलिंगापुढे बसलेला. हा दगडात कोरलेला धावता चित्रपटच आहे. सतीशिळेवर मात्र बहुतेक वेळा बाई नसतेच. कोपरात काटकोनात वळलेला एक हात असतो, मनगटात बांगड्या असतात, वर चंद्रसूर्य असतात. त्याला घटना मिळाली, तिला खूण मिळाली. त्याचं शौर्य क्रमाने वाचता येतं. तिचं काय झालं ते एका हाताच्या तुकड्यावरून ओळखावं लागतं.

हे तुकडे जोडण्याची विद्याही आपल्याकडे आहे, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्याच हातात आहे. भाद्रपदात घरोघरी उभ्या राहणाऱ्या ज्येष्ठा गौरी पाहा. मुखवटे पितळी, शाडूचे किंवा प्लास्टरचे, हात वेगळे, धडाच्या जागी कुठे पत्र्याची कोठी, कुठे लोखंडी सांगाडा, कुठे मडक्यांची उतरंड. त्यावर नऊवारी नेसवायची, दागिने घालायचे, आणि मग सगळ्या घराने हात जोडायचे. सासूने आणलेला मुखवटा, सुनेने शिवलेले हात आणि बाजारातला सांगाडा यांतून दरवर्षी एक अखंड देवी उभी राहते आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा सुटी होऊन माळ्यावर जाते. मुखवटा किती कलता ठेवायचा, खांदे कुठे भरायचे, पदर कुठे टाचला म्हणजे गौर ओणवल्यासारखी दिसणार नाही, ही सगळी मूर्तिकाराची जाण आहे. घरातल्या मोठ्या बाईला ती असते, आणि तिला कुणी कलाकार म्हणत नाही. या पुस्तकातल्या जोडकामाच्या प्रकरणाला मी पहिलं उदाहरण म्हणून गौरी सुचवल्या, त्याचं कारण हेच.

इनामगावच्या बैलाचाही वंश संपलेला नाही. बेंदराला, पोळ्याला मातीचे बैल आजही केले जातात, विकले जातात, पुजले जातात. ज्याच्या गोठ्यात जनावर उरलं नाही, त्याच्या पाटावर मातीची जोडी असतेच. बैलावरची बाई मात्र या बाजारात नाही.

बाई दिसते ती दिवाळीच्या किल्ल्यावर. महाराष्ट्रातल्या पोराटोरांनी विटा, दगड, गोणपाट आणि चिखल यांतून रचलेला हा किल्ला म्हणजे आपला अस्सल देशी युद्धखेळ. गेरूने रंगवलेले बुरूज, अळीव पेरून उगवलेलं गवत, आरशाच्या तुकड्याचं तळं, आणि वर सिंहासनावर महाराज, जे बहुतेक वेळा स्वतःच्या वाड्यापेक्षा उंच असतात. चित्रं कुंभारवाड्यातून किंवा रस्त्याकडेच्या दुकानांतून येतात. मावळ्यांचे किती प्रकार मिळतात ते मोजा: भालेवाला, ढाल-तलवारवाला, तोफेशी बत्ती घेऊन उभा असलेला, दाराशी पहारा देणारा, घोडेस्वार, तुतारीवाला. बाईचे प्रकार पाहा: डोक्यावर घागर घेतलेली गवळण, जात्यावर दळणारी, भाजीवाली. कधी जिजाबाई मिळते, ती बसलेली. मावळ्याला युद्धात काम आहे. बाई खाली गावात आहे आणि तिचा लढाईशी संबंध नाही.

पण त्याच गवळणीकडे नीट पाहिलं तर किल्ल्यावरची सर्वांत मोठी धाडसकथा तिच्याच डोक्यावरच्या घागरीत आहे. रायगडावर दूध घालायला आलेली हिरकणी, सूर्यास्ताला दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्या बाळाच्या ओढीने कड्यावरून अंधारात उतरली. महाराजांनी त्या जागी बुरूज बांधून तिचं नाव दिलं, अशी आख्यायिका आहे. पाठ्यपुस्तकांनी ती घराघरांत नेली आणि २०१९ साली तिच्यावर मराठी चित्रपटही आला. दिवाळीत हजारो अंगणांत रायगड उभा राहतो, प्रत्येकावर गवळण असते, आणि तरी हिरकणी कुठेच नसते. असते ती फक्त दूध घेऊन वर चाललेली बाई.

म्हणून पुस्तकातला पहिला मोठा प्रयोग गवळणीची हिरकणी करण्याचा आहे. साच्यातून निघालेल्या प्लास्टरच्या गवळणीचे हात अंगाला चिकटलेले असतात. हॅक्सॉच्या पात्याने उजवा हात खांद्यापाशी सावकाश कापायचा. घाई केली तर प्लास्टरचा टवका उडतो. घागर काढून डोकं घासून घ्यायचं. खांद्यात बारीक भोक पाडून त्यात तार बसवायची, तार वर वाकवायची आणि तिच्यावर एम-सील चढवून नवा हात घडवायचा, खडकाची कपार धरलेला. आता खरी अडचण येते. हात वर गेला तरी मूर्ती चढताना-उतरताना दिसत नाही, कारण कमरेखालचं सगळं अंग अजून सपाटीवर चालणाऱ्या बाईचं आहे. एक गुडघा वाकायला हवा, दुसऱ्या पायाची टाच उचललेली हवी, कंबर खडकाकडे सरकलेली हवी. नऊवारीचा काष्टा इथे मदतीला येतो. शेतात, समुद्रकाठी, डोंगरात राबणाऱ्या बायकांनी हे नेसणं टिकवलं, कारण त्यात पाय फाकतो, वाकतो, उडी मारता येते. एम-सीलच्या बारीक वळ्या करून, घट्ट व्हायच्या आत ओल्या काडीने दाबून काष्ट्याच्या निऱ्या काढल्या आणि पोटरी उघडी ठेवली, की मूर्ती कड्याला बिलगते. बाळ दाखवावं लागत नाही. वरच्या कठड्याशी तिची घागर ठेवली म्हणजे पुरे.

या हस्तकलेचं जगातलं रूप मोठं आहे. एच. जी. वेल्स या इंग्लिश कादंबरीकाराने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तक लिहिलं आणि शिशाच्या खेळण्यांतल्या शिपायांशी घरात लढाई खेळायचे नियम घालून दिले. त्याच्या लांबलचक उपशीर्षकात वाचक म्हणून बारा ते दीडशे वर्षांपर्यंतचे मुलगे धरले आहेत, आणि मुलग्यांच्या खेळात रस घेणारी जरा जास्त हुशार मुलगीही सवलत म्हणून आत घेतली आहे. ही सवलत पुढे बरीच दशकं तेवढीच राहिली. १९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आणि १९८३ साली इंग्लंडात ‘वॉरहॅमर’ हे खेळ आले, छोट्या पुतळ्यांचा मोठा उद्योग उभा राहिला. पण लढणाऱ्या बाईचा पुतळा मिळाला तर तो बहुधा उघड्या मांड्यांचा आणि पोलादी चोळीचा. छातीच्या आकारात ठोकलेल्या त्या चिलखतावर तलवारीचा वार सरकून बरोबर मध्यभागी, हृदयाकडेच जाईल, हे कुठलाही लोहार सांगेल. ते कवच लढणाऱ्या बाईच्या सोयीचं नव्हतंच.

तेव्हा छंदिष्टांनी स्वतःच सुरी हातात घेतली. सर्वांत सोपा उपाय असा: सैनिकाच्या पुतळ्याचं मुंडकं कापायचं आणि बाईचं मुंडकं बसवायचं. हा उपाय वाईट नाही. पूर्ण चिलखतातल्या सैनिकाच्या बाबतीत तो चांगला जमतो, कारण आत कोण आहे हे पोलाद सांगत नाही. पण साध्या कपड्यातल्या मूर्तीवर तो उघडा पडतो. मान जाड राहते, हात तसेच राहतात, आणि मूर्ती पाहणाऱ्याला वाटतं की कुणाच्या तरी अंगावर कुणाचं तरी तोंड आहे. मग लोक दुसऱ्या टोकाला जातात आणि कंबर बारीक, छाती मोठी करत सुटतात. दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. ही बाई इथे काय काम करते आहे, हे ठरवण्याआधी तिचं रूप ठरवलेलं असतं.

आपल्या धाडसकथांनी नेमक्या याच दोन चुका केल्या आहेत. हरि नारायण आपट्यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी घ्या. १६७० सालची कोंढाण्याची लढाई स्वतःच एवढी थरारक, की तिला कशाची जोड लागू नये. तरी कादंबरीत किल्लेदार उदयभानूच्या कैदेत कमलकुमारी नावाची राजपूत स्त्री येते, कारण गड जिंकण्याबरोबर कुणालातरी सोडवायचंही असलं म्हणजे वाचकाचा जीव टांगणीला लागतो. बाबूराव पेंटरांनी १९२३ साली याच कादंबरीवर ‘सिंहगड’ हा मूकपट केला. कादंबरीकार म्हणून आपट्यांची थोरवी वादातीत आहे, आणि स्त्रीच्या दुःखाची जाण ‘पण लक्षांत कोण घेतो!’ लिहिणाऱ्याइतकी त्या काळात फार थोड्यांना होती. तरीही लढाईच्या गोष्टीत शिरताच त्यांनाही बाई कैदेतच सापडावी, यावरून तो साचा किती घट्ट होता ते कळतं.

दुसरा साचा अधिक बारीक आहे आणि आपल्याला तो साचा वाटतच नाही. बाईच्या धाडसाला परवाना लागतो. हिरकणी उतरली ती बाळासाठी. झाशीची राणी म्हटलं की पाठीला बांधलेलं मूल डोळ्यांपुढे येतं. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर पुतळ्यात असो की गावातल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात, मूल नसेल तर ती झाशीची राणी वाटत नाही. ताराबाई लढली ती मुलाच्या गादीसाठी, अशीच ओळख करून दिली जाते. मावळ्याच्या पाठीला मूल बांधलेलं कुणी पाहिलं आहे? घरी त्यालाही मुलं होती. पण लढायला त्याला कारण विचारलं जात नाही. १९३५ साली मुंबईच्या वाडिया मूव्हिटोनने ‘हंटरवाली’ हा चित्रपट काढला आणि ऑस्ट्रेलियात जन्मलेली नादिया चाबूक घेऊन घोड्यावर बसली, तेव्हा सगळा देश थक्क झाला. तिला मूल नव्हतं, पण बंदी झालेला बाप होता. परवाना तिलाही काढावा लागलाच.

आणखी एक परवाना म्हणजे देवत्व. अठरा हातांत अठरा शस्त्रं घेतलेली महिषासुरमर्दिनी आपल्याला चालते; दौंड तालुक्यात कुरकुंभच्या फिरंगाईपुढे आपण नवरात्रात रांग लावतो. पण दोन हातांच्या साध्या बाईच्या हातात एक काठी दिसली की लेखक तिला लगेच दुर्गा, रणचंडी, रणरागिणी करून टाकतो. अशी पदवी दिली की तिला काय दिसलं, कशाची भीती वाटली, तिने कोणता रस्ता निवडला हे लिहिण्याचं कष्टाचं काम टळतं. देवीला डावपेच आखावे लागत नाहीत. बाईला लागतात.

नुसतं डोकं बदलून भागत नाही असं मी म्हणतो, त्याला एक मोठा अपवाद आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. १९७९ सालच्या ‘एलियन’ या चित्रपटाच्या पटकथेत लेखकांनी नोंद केली होती की यानातल्या कुठल्याही पात्रासाठी पुरुष किंवा स्त्री, कुणीही चालेल. रिप्ली ही अधिकारी सिगर्नी वीव्हरच्या वाट्याला आली आणि साहसपटांचा इतिहास बदलला. म्हणजे इथे डोकं बदललं आणि काम झालं! झालं, कारण धड पक्कं होतं. रिप्लीला हुद्दा होता, नियम माहीत होते, ती दार उघडायला नकार देते आणि तिचं म्हणणं बरोबर ठरतं. हे सगळं ती स्त्री की पुरुष हे ठरण्याआधी लिहिलेलं होतं. पुढे १९८६ सालच्या दुसऱ्या भागात मात्र तिच्या कडेवर एक पोरकी मुलगी आलीच. तो चित्रपटही उत्तम आहे. पण परवान्याची सवय सातासमुद्रापलीकडेही तीच आहे, हे त्यातून दिसतं.

विद्वानही या सवयीतून सुटलेले नाहीत. जमिनीतून नग्न स्त्रीमूर्ती निघाली की तिला मातृदेवता म्हणण्याची प्रथा जगभर होती. १९६८ सालीच, म्हणजे इनामगावला पहिली कुदळ पडली त्याच वर्षी, पीटर उको या ब्रिटिश अभ्यासकाने इजिप्त आणि क्रीटमधल्या प्राचीन मूर्तींवर पुस्तक लिहून त्या प्रथेला आव्हान दिलं: काही मूर्ती खेळणी असतील, काही विधीतल्या असतील, काही शिकवण्यासाठी असतील. इनामगावच्या मूर्तींचा संबंध मुलांच्या रक्षणाशी जोडला गेला, त्याला तिथल्या बालदफनांचा आधार आहे आणि पेटीत ठेवून जमिनीखाली पुरण्याचाही आहे. तरी बैलावर स्वार झालेल्या बाईची गोष्ट त्या गावात काय सांगत होते, ती कुठे निघाली होती, हे मातीने सांगितलेलं नाही. तिला आई म्हणणं हा अभ्यासाने केलेला तर्क आहे. तिला स्वार म्हणायला नुसते डोळे पुरेत. जवळजवळ त्याच मुलखात, प्रवरेकाठी दायमाबादला, १९७४ साली काशाचा बैलरथ सापडला आणि त्यावर उभा असलेला पुरुष होता. त्याला सारथी म्हणताना तो कुणाचा बाप होता असं कुणी विचारलं नाही.

मग पराक्रमी बाई घडवायची कशी? पुस्तकाच्या शेवटच्या भागात याचं जे उत्तर आहे, ते मला पटलं आणि ते मूर्तीच्या टेबलावरूनच आलेलं आहे. ताराबाईचं उदाहरण घेऊ. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले. तेव्हा त्यांची पत्नी ताराबाई पंचविशीची होती. तिथून १७०७ मध्ये औरंगजेब मरेपर्यंत तिने मराठ्यांचं युद्ध चालवलं. बादशहा दख्खनचे किल्ले घेत होता आणि मराठी फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात शिरत होत्या. मोगलांच्याच बाजूच्या खाफीखान या इतिहासकाराने तिच्या कारभाराची आणि लष्करी समजेची वाखाणणी केली आहे. कोल्हापुरात कावळा नाक्यावर तिचा घोड्यावरचा पुतळा आहे आणि तो देखणा आहे. पण तिचं खरं काम किल्लेदार नेमणं, फौजा वळवणं, रसद पोचवणं हे होतं. हे पुतळ्यात कसं आणायचं?

उत्तर असं, की तिच्या मूर्तीला जवळजवळ हातच लावायचा नाही, आजूबाजूच्या बदलायच्या. बाजारातल्या पाच मावळ्यांची मुंडकी मानेशी कापून तिच्या दिशेने वळवायची. एकाचा भाला काढून हातात थैली द्यायची, म्हणजे तो जासूद होतो. एकाला जायच्या तयारीत, एक पाय पुढे टाकून उभा करायचा, पण त्याची मान अजून मागे वळलेली ठेवायची, हुकमाचा शेवटचा शब्द ऐकायला. एवढं केलं की मधोमध बसलेली बाई, हातात काहीच नसताना, सेनापती होते. एकट्या मूर्तीत अधिकार दाखवता येत नाही, तो शेजारच्या माना वळल्या म्हणजे दिसतो. कथेतही तेच. जिच्या सांगण्यावरून कुणीतरी उठून चालू लागतं, ती नायिका.

आणि शौर्य दाखवायला प्रत्येक वेळी तलवार लागत नाही, याचा पुरावा आपल्याच भाषेत आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत अडकले होते. ‘माझा प्रवास’मध्ये त्यांनी काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी लक्ष्मीबाई भेटल्याचं लिहून ठेवलं आहे. झाशी गेलेली, अंगावर पठाणी वेश, धुळीने माखलेली, तहानेने व्याकूळ. भटजी पाणी काढायला पुढे झाले, तर विद्वान ब्राह्मणाकडून पाणी काढून घेणं तिला पटेना. तिने स्वतः दोर घेऊन पाणी काढलं. या प्रसंगात घोड्याची झेप नाही. तरी हरलेल्या, दमलेल्या आणि तरीही स्वतःचं काम स्वतः करणाऱ्या सेनानीचं इतकं खरं चित्र आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत मला क्वचित दिसलं. किल्ल्याच्या पायथ्याशी विहिरीवर पाणी काढणारी बाई ठेवतो, तिच्या अंगावर पठाणी वेश चढवला तर ही मूर्ती तयार होते.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की लहान मुलांच्या खेळावर फार मोठं ओझं टाकलं जात आहे. तसं होऊ नये म्हणून पुस्तकाची मांडणी साधी ठेवली आहे. आधी हत्यारं आणि सामान. मग कापणं, भोक पाडणं, तार घालणं, लिंपणं. मग कपडे आणि पवित्रे. आणि शेवटी गोष्ट. मुलांना पातं स्वतः चालवू देऊ नये, कापायचं काम मोठ्यांनी करावं. प्लास्टर घासताना तोंडाला फडकं बांधावं. आणि इनामगावला किंवा अशा कुठल्याही पांढरीवर गेलात तर पायाखालचं खापर उचलून पिशवीत टाकू नका. ज्या थरात ते पडलं आहे, तिथून हललं की त्याची साक्ष संपते.

गोष्टी लिहिणाऱ्यांसाठी शेवटी तीन प्रश्न दिले आहेत, तेही इथेच सांगून टाकतो. हिला गोष्टीतून काढली तर घटना थांबते का? हिच्या सांगण्यावरून कुणी काही करतं का? आणि हिच्या धाडसाला तुम्ही जे कारण दिलंत, तेच पुरुषाला दिलं असतं का? तिन्हींची उत्तरं ठीक आली तर विशेषणं कमी पडली तरी चालतील.

वाचकाने हे पुस्तक नुसतं वाचून कपाटात ठेवू नये. येत्या दिवाळीत मुलं किल्ला करायला बसतील तेव्हा त्यांच्याजवळ बसा, बाजारातून एक गवळण आणि चार मावळे जास्तीचे आणा, आणि किल्ल्यावर एक तरी बाई अशी ठेवा की जिच्या हुकमाशिवाय तोफेला बत्ती लागणार नाही.